लहान ट्रॅक्टरचे पाणी जाते कुठे?

ट्रॉम्बेच्या गल्लीत ट्रॅक्टर कुठून येणार? परंतु आमच्यासारख्या घरांची थोडीफार जमीन रायगड-रत्नागिरीकडे असते, आणि तिथला ट्रॅक्टर पुष्कळदा इथल्या दुकानाच्या गल्ल्यावर चालतो. म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय.

माणगाव तालुक्यात माझ्या भाच्याने १८ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर घेतला, अर्धी रक्कम माझी. ऐन चिखलणीत रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी निघू लागले. फोनवर म्हणाला, "मामू, मिस्त्री म्हणतो हेड उघडावे लागेल. आठ दिवस मोडतील." लोकांची शेते अंगावर घेतलेली, आठ दिवस म्हणजे सारा हंगाम. मी म्हटले, "हेडला हात लावू देऊ नकोस. आधी पाणी कुठून जाते ते बघू." मी कापडवाला. ठाणात भोक असेल तर ते उजेडावर धरून शोधतो, सगळे ठाण उसवत नाही.

मिस्त्रीचा पुरावा एकच, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर. परंतु थंड डिझेल इंजिन सुरू होताना नीट न जळलेल्या डिझेलचाही पांढरा धूर देते. इंजिन तापल्यावर तो गेला तर त्यावरून हेड गॅस्केटला दोषी धरता येत नाही. तापल्यावरही पांढरी वाफ निघत राहिली तर मात्र शंका घ्यावी. खरी खूण आणखी तीन ठिकाणी पाहावी. ऑइलची कांडी काढून बघावी, ऑइल दुधाळ, चहासारखे झाले असेल तर पाणी आत गेले आहे, आणि मग इंजिन सुरूच करू नये. थंड इंजिनावर झाकण उघडे ठेवून ते सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का पाहावे. आणि सुरू करून दोन-चार मिनिटांतच, इंजिन गरम होण्याआधी, वरचा होज दगडासारखा कडक होतो का ते दाबून बघावे. भाच्याकडे यातले काहीच नव्हते.

एक इशारा इथेच देतो. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. झाकण आत दाब धरून ठेवते, साधारण ०.९ किलो दाबाचे असेल तर आतले पाणी ११८ अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर येते. हेच झाकण खराब झाले, त्याचे रबर चिरले, तर पाणी ओव्हरफ्लो नळीतून निघून जाते आणि गळती कुठेच सापडत नाही. झाकण स्वस्त आहे, पहिली तपासणी त्याचीच करावी.

चिखलणीत अडचण ही, की ट्रॅक्टर आधीच ओला आणि चिखलाने माखलेला. थेंब दिसणार कसा? म्हणून संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर तो धुऊन पुसून कोरडा करायला लावला आणि खाली कोरडी वर्तमानपत्रे पसरली. सकाळी डाग पंख्याच्या खालच्या बाजूला होता. पण थेंब पडतो तिथेच गळती असते असे नाही. पाणी लोखंडावरून उतरत खाली येते, आणि चालत्या इंजिनात पंख्याची हवा ते मागे फेकते. म्हणून डागापासून वर वर बघत जायचे. होजची टोके, क्लिपा, थर्मोस्टॅटचे घर, रेडिएटरच्या टाकीचा झाळलेला सांधा, ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या. गरम असताना गळलेले पाणी लगेच सुकते, मागे पांढरी किंवा हिरवट पापुद्र्यासारखी रेघ राहते. तीच शोधायची.

भाच्याला ती वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाजवळ सापडली. हे भोक कारखान्यानेच मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी तिथून बाहेर येते, बेअरिंगमध्ये जात नाही. पुष्कळ लोक एम-सील लावून ते बुजवतात, ती मोठी चूक. पाणी मग बेअरिंग खाते आणि पंखा रेडिएटरवर आदळायची वेळ येते. इंजिन बंद करून पंखा हाताने पुढेमागे हलवून पाहावा, खेळ जाणवला तर पंप गेला समजावे. भाच्याच्या पंखाला थोडा खेळ होताच.

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरून पंप घेतला, एस.टी.ने पाठवला. बसवायला अर्धा दिवस गेला. पंखाबेल्टही बदलला, कारण पंप उतरवायला तो काढावाच लागतो. रेडिएटरच्या जाळीतला वाळलेला चिखल मागच्या बाजूने हलक्या पाण्याने काढला. जोराचे पाणी मारले तर पातळ पाती वाकतात.

आता पाण्याविषयी. विहिरीचे खारट, क्षाराचे पाणी भरू नये, आत पापुद्रे बसतात. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कूलंट आणि शुद्ध पाणी मिसळून भरावे. रंगीत कूलंटमुळे पुढची गळतीही लवकर दिसते. मात्र त्यात सहसा असलेले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी आहे. काढलेले कूलंट उघड्या तसराळ्यात ठेवू नये, शेळी तोंड घालते, पोरेही. ते झाकण घट्ट लावलेल्या, चिठ्ठी चिकटवलेल्या डब्यात ठेवावे, गटारात ओतू नये.

भरताना हळूहळू ओतावे, झाकण उघडे ठेवून इंजिन थंडपणी सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडला की हवा निघून पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा भरून झाकण लावावे. भाच्याने आता वहीत रोज सकाळची पातळी लिहायला घेतली आहे. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरली, ती हवेची. त्यानंतर पंधरा दिवस रेघ जागच्या जागी आहे.