बंदिश बांधण्याआधी

पंचवटी, नाशिक

चि. ईशा,

तू पाठवलेली कलावती रागातली बंदिश ऐकली. मुखडा छान आहे. अंतरा घाईत गुंडाळला आहेस. ‘विशारद व्हायच्या आत स्वतःची बंदिश बांधणं आगाऊपणा आहे का?’ असं विचारतेस आणि त्याच पत्रात बी.एस्सी. सोडायची भाषाही करतेस. मला वाटतं, दोन्हींचं उत्तर गायिका डॉ. प्रभा अत्रे यांच्या आयुष्यात आहे.

प्रभाताई १९३२ सालच्या, पुण्याच्या. गाण्याचा वारसा घरातून आलेला नव्हता. त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, मग कायद्याची. सोबत सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीम चालू होती. पुढे आकाशवाणीत नोकरी केली, संगीत नाटकांत भूमिका केल्या, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला. शिक्षण गाण्याच्या आड आलं नाही. उलट त्यांच्या गाण्याला विचाराची शिस्त लागली, असं मी म्हणेन.

सरगमचंच बघ. ख्यालात सरगम घेणं अनेक जाणकारांना रुचत नसे. प्रभाताईंना मात्र अमीर खाँसाहेबांच्या गाण्यातून तिची ओढ लागली होती. त्या मैफलीत सरगम घेत राहिल्या आणि त्याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. अपूर्वकल्याण, मधुरकंस असे नवे राग बांधले, पुष्कळ बंदिशी रचल्या आणि त्या स्वरलिपीसह पुस्तकांत छापल्या, म्हणजे कुणालाही त्या तपासता याव्यात. बंदिश कागदावर उतरवायचा हा रिवाज रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते विष्णू दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीतच रामनाम आधाराश्रमात होते, हेही ठाऊक असू दे.

आता तुझा अंतरा. कलावतीत रिषभ आणि मध्यम वर्ज्य. तू गंधारावरून पंचमावर मींडेने जातेस तेव्हा वाटेत मध्यमाचा कण लागतो. तंबोऱ्यावर सावकाश म्हणून बघ, कानाला कळेल. तो मुद्दाम घेतला असशील तर का घेतला ते सांग, मी ऐकेन. नकळत लागला असेल तर शंभरदा घोटून काढून टाक. नवं करणारा आणि चुकणारा यांतला फरक एवढाच, की पहिल्याला आपण काय केलं ते सांगता येतं. प्रभाताईंनी आयुष्यभर ते सांगितलं: मैफलीत, वर्गात, पुस्तकांत. पद्मश्री (१९९०), पद्मभूषण (२००२) आणि पद्मविभूषण (२०२२) हे मान त्यांना मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये, ९१व्या वर्षी त्या गेल्या. पण पुरस्कारांपेक्षा त्यांची पुस्तकं तुझ्या जास्त उपयोगाची आहेत. ‘स्वरमयी’पासून सुरुवात कर.

तेव्हा बंदिशी जरूर बांध, त्यात आगाऊपणा नाही. मात्र तुझी एक बंदिश होईपर्यंत गुरुजींकडून जुन्या दहा घे आणि त्या अंगी मुरव. पदवी पूर्ण कर, विशारदची परीक्षाही दे. पुढची बंदिश पाठवशील तेव्हा खाली चार ओळी लिही: हाच राग का, हाच ताल का, हेच शब्द का. त्या चार ओळी लिहिता आल्या नाहीत, तर बंदिश अजून पुरी झालेली नाही असं समज.

तुझी,
आत्या