पासपोर्ट भारतीय, नोकरी मेलबर्नची

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नमध्ये इंजिनिअर आहे. संरक्षण क्षेत्रातल्या एका कंपनीने मुलाखतीत त्याला नागरिकत्व आणि जन्मस्थान विचारलं. हा भेदभाव नाही का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एरवी नक्कीच. व्हिक्टोरियाच्या २०१० च्या समान संधी कायद्यानुसार राष्ट्रीयत्वावरून नोकरी नाकारता येत नाही. पण कंपनीकडे अमेरिकी शस्त्रतंत्रज्ञान असेल, तर अमेरिकेचा 'आयटार' हा शस्त्रनिर्यात नियम तिच्या मागोमाग येतो. त्यात माल सोडाच, नुसता आराखडा परवानगीशिवाय तिसऱ्या देशाच्या नागरिकाला दाखवला, तरी ती निर्यातच! म्हणून अशा कंपन्या राज्याच्या न्यायाधिकरणाकडून, म्हणजे 'व्हीकॅट'कडून, सूट मागतात. ती एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि सहसा अटींसह मिळते. तेव्हा चिरंजीवांनी कंपनीला सरळ, लेखी विचारावं : सूट आहे का, कधीपर्यंत, कोणत्या पदांना?

सूट म्हणजे मोकळं रान नव्हे. आयटारशी संबंध नसलेल्या कामासाठी ती पुढे करता येत नाही. शिवाय १९७५ चा केंद्रीय वंशभेदविरोधी कायदा राज्याच्या सुटीने बाजूला पडत नाही. त्यात नागरिकत्वाचा उल्लेख नाही, पण राष्ट्रीय मूळ आहे. त्यामुळे जन्मस्थानाचा प्रश्न मला जास्त खटकतो.

चीन, इराणसारख्या देशांवर आयटारची सरसकट बंदी आहे. त्या यादीत भारत नाही, त्यामुळे परवान्यात नाव घालून घेण्याचा मार्ग उरतो. कंपन्या कंटाळा करतात, ही गोष्ट वेगळी.