गावाचा उंबरठा

घराला जसा उंबरठा, तसे गावाला एस.टी. स्थानक. परगावी निघालेला मनुष्य येथेच गावाचा निरोप घेतो आणि परत येणाऱ्याचे पहिले पाऊलही येथेच पडते. शिक्षणासाठी शहरात निघालेला मुलगा, माहेरपणाला आलेली लेक, कोर्टाच्या तारखेसाठी आलेला शेतकरी, रुग्णाला हात देऊन उतरविणारे नातलग, या सर्वांची वाट याच आवारातून जाते. म्हणूनच जुने स्थानक पाडून नवे बांधावयाचे ठरले, म्हणजे तो केवळ विटा आणि सिमेंट यांचा प्रश्न राहत नाही.

आपल्याकडील या स्थानकांचा इतिहास फार जुना नाही. 1948 पूर्वी गावोगावच्या प्रवाशांची ने-आण मुख्यतः खासगी सर्व्हिस मोटारी करीत. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने त्यांना काही शिस्त लावली होती. तरी मोटार पुरेशी भरल्याखेरीज हलत नाही, असा अनुभव अनेकांना येई. 1 जून 1948 रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढे मार्ग वाढले, आणि ठराविक वेळ व ठराविक भाडे यांबरोबरच प्रवाशांना थांबण्यासाठी ठराविक जागाही हवी झाली. बाजारपेठ, कचेरी, दवाखाना ही जेथून जवळ पडतील, अशा ठिकाणी अनेक स्थानके उभी राहिली. कालांतराने गावे चहूकडे पसरली. एके काळी गावाच्या कडेला असलेले आवार भर वस्तीत आले. गाड्या व प्रवासी वाढले, फलाट अपुरे पडू लागले आणि जमिनीचे मोल मात्र आकाशाला भिडले.

अशा वेळी स्थानकाचे काम कसे चालते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. बस फलाटाकडे तोंड करून उभी राहते आणि निघताना मागे सरते. दहा-अकरा मीटर लांबीच्या गाडीला मागे सरून वळण घेण्यासाठी पुष्कळ मोकळी जागा लागते. वरवर पाहणाऱ्यास ती जागा ओस पडलेली वाटते आणि तेथे दुकानांचे गाळे काढण्याचा मोह होतो. परंतु ती जागा रिकामी नसते. दर काही मिनिटांनी ती वापरात येत असते. तिच्यावर अतिक्रमण झाले, तर गाड्या रस्त्यावर खोळंबतात आणि प्रवासी चाकांच्या वाटेत येतात.

पुण्यातील शिवाजीनगरचे स्थानक हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. नाशिक, मराठवाडा, विदर्भ या बाजूंच्या अनेक गाड्या येथून सुटत. शेजारीच रेल्वेचे स्थानक. न्यायालय व मोठी रुग्णालयेही जवळच. शहरात मेट्रो येऊ लागली, तेव्हा तिच्या भुयारी स्थानकासाठी याच आवारात वरून जमीन खोदणे भाग पडले. म्हणून 2019 च्या डिसेंबरअखेर एस.टी.चा कारभार वाकडेवाडी येथे हलविण्यात आला. 1 ऑगस्ट 2023 रोजी शिवाजीनगरला मेट्रो धावू लागली, एस.टी. मात्र त्या दिवशीही वाकडेवाडीलाच होती आणि नव्या स्थानकाचे काम त्यानंतरही रेंगाळले. नकाशावर हे अंतर थोडे दिसते. पण डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेऊन पहाटे उतरणाऱ्या बाईला ते थोडे नसते. रिक्षाचे जे भाडे तिला द्यावे लागते, ते कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. ‘तात्पुरते’ हा शब्द कागदावर लहान असतो. प्रवाशाच्या वाट्याला तो वर्षानुवर्षे येऊ शकतो.

जुनी इमारत पाडणे हाच एक मार्ग असतो, असेही नाही. इंग्लंडमधील प्रेस्टन या शहरात 1969 साली एक भव्य बसस्थानक उभारले गेले. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस गाड्या उभ्या राहतील, एवढा त्याचा विस्तार होता. 2012 साली नगरपरिषदेने ते पाडण्याचे ठरविले. नागरिकांनी व वास्तुरचनेच्या जाणकारांनी विरोध केला आणि 2013 साली त्या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. पुढे तिची डागडुजी झाली. सर्व गाड्या एकाच बाजूला आणण्यात आल्या आणि दुसऱ्या बाजूला पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा चौक झाला. जुनी वास्तू टिकली आणि माणसांची सोयही वाढली.

याचा अर्थ गळके छप्पर आणि फुटकी फरशी जपून ठेवावी, असा मुळीच नव्हे. स्वच्छ प्रसाधनगृहे, पिण्याचे पाणी, तान्ह्या मुलांच्या मातांसाठी आडोसा, अपंगांसाठी उतरण, रात्री पुरेसा उजेड आणि गाड्यांच्या वाटेपासून वेगळी पाऊलवाट ही नव्या स्थानकात असलीच पाहिजेत. त्यासाठी पैसा हवा आणि तो काही गाळे भाड्याने देऊन उभा करण्यातही गैर नाही. मात्र गाळे स्थानकासाठी असावेत, स्थानक गाळ्यांसाठी नसावे. काम चालू असताना प्रवाशांनी कोठे थांबावे आणि ते केव्हा संपेल, याचेही उत्तर पहिली कुदळ पडण्यापूर्वी तयार हवे.

नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला पाहुणे येतात, तोरणे लागतात, छायाचित्रे निघतात. तिची खरी परीक्षा त्यानंतरच्या एखाद्या पावसाळी रात्री होते. शेवटच्या गाडीने उतरलेल्या एकट्या म्हातारीला कोरडा बाक, उजेड आणि पुढची गाडी सांगणारी उघडी खिडकी मिळाली, तर ते स्थानक नीट बांधले गेले असे समजावे.