उन्हाळी लागली? गोळीआधी लघवी तपासा

ऊसतोडीला गेलेल्या बायांना फडात ना आडोसा मिळतो, ना पुरेसं पाणी. लघवी दाबून धरली जाते आणि उन्हाळी लागते. युसूफ वडगावसारख्या केज तालुक्यातल्या गावांत हे दुखणं नवं नाही. मग मेडिकलमधून ‘पॉवरची गोळी’, म्हणजे अँटिबायोटिक, येते. जंतू तिला दाद देत नसतील तर पैसेही जातात आणि दुखणंही वाढतं.

तपासणीचा खर्च
त्रास वारंवार होत असेल, गोळ्यांनी उतार नसेल किंवा बाई गरोदर असेल, तर लघवीचं कल्चर, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं हे पाहणारी तपासणी, कराच. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. पहिली धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या. अहवालाला 2-3 दिवस लागतात. औषधापुढे ‘एस’ असेल तर ते लागू पडतं, ‘आर’ असेल तर नाही.

खासगी लॅबमध्ये बहुधा 500 ते 1,000 रुपये लागतात. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. कल्चरची सोय आहे का, हे तिथे विचारा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. त्यामुळे तिथले दर खिडकीवर विचारून घ्या.

औषधाचा खर्च
अझिथ्रोमायसिन 500ची कमाल किंमत एप्रिल 2025मध्ये कर सोडून गोळीला 23.98 रुपये होती. पण ते लघवीत पुरेसं उतरत नाही. उन्हाळीवर त्याचा खर्च वायाच. साध्या संसर्गावर डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरॅन्टॉइन देतात. ते स्वस्त आहे आणि अनेक हट्टी जंतूंवर आजही चालतं. मेरोपेनेमसारखी इंजेक्शनं गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायची असतात. ‘भारी सुई द्या’ असा आग्रह धरू नका.

मेडिकलमध्ये
पाकिटावर लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नका. सेफिक्झिम, मेरोपेनेम अशी औषधं देताना 1 मार्च 2014पासून डॉक्टर आणि रुग्णाचं नाव नोंदवणं दुकानदारावर बंधनकारक आहे. बिल मागा. जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं.

थांबू नका
थंडी वाजून ताप, कुशीत कळा किंवा उलट्या असतील तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारखान्याला निघताना जुना अहवाल आणि चिठ्ठी सोबत ठेवा. परगावच्या डॉक्टरला त्यावरून योग्य औषध निवडता येईल.