तक्रार माझी, सल्ला नवऱ्याला

पंचेचाळिशीची बाई. रात्री घामानं जाग येते, बसल्या जागी छाती धडधडते, पाळी कधी तीन आठवड्यांत येते तर कधी दीड महिना लांबते. एवढं ऐकून डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." आमच्या गावात नाव असलेल्या दोन डॉक्टरांनी मला हेच ऐकवलं. तो राग अजून गेलेला नाही, आणि माझ्यासारख्या कितीजणी हेच ऐकून घरी परत येत असतील या विचारानं तो वाढतोच.

मी बँकेत कॅश काउंटरवर बसते. नोटा मोजताना आकडा मध्येच निसटायला लागला, संध्याकाळी कॅश जुळेना. नोकरीच्या इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. पहाटे उशी ओली, सकाळी बोटांची पेरं आखडलेली. फिजिशियननी ईसीजी काढला, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासलं. ते योग्यच केलं, कारण थायरॉइडनं किंवा रक्त कमी झाल्यानंही धडधड होते, थकवा येतो. पण रिपोर्ट चांगले आले आणि त्यांचा विचार तिथेच संपला. पाळीचा विषय मी काढला, तर "ते गायनॅकला दाखवा" म्हणून त्यांनी तो मिटवला.

मग ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "मुलगी शिकायला बाहेर गेली म्हणालात ना? त्याचंच असणार. मॅडमना जरा कुठेतरी फिरवून आणा." मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. गोळी लिहिली, तीही त्याच्याकडे बघत: "रात्री एक, झोप लागेल."

गोळी कशाची ते मला मेडिकलवाल्यानं सांगितलं. पाकीट पुढे करत तो म्हणाला, "ताई, ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका हं, सवय लागते." मी विचारलं, आहे कशाची? "क्लोनाझेपाम. घबराटीची." तेव्हा कुठे मी कागद नीट वाचला. वर 'अँक्झायटी' लिहिलेलं होतं. मला काय झालंय हे डॉक्टरांनी कागदाला सांगितलं, मला नाही. मागे रांग होती, तरी मी तशीच काउंटरपाशी उभी राहिले. घामाचं काय? पाळीचं काय? त्यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे निराळाच प्रकार. एफएसएच या हॉर्मोनची रक्त तपासणी केली, आकडा नॉर्मल आला, म्हणून "तुम्हाला अजून वेळ आहे". आणि मधल्या एका पाळीत रक्त फार गेलं, सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसली, तर लगेच "मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." घाम आणि धडधड हा म्हणे माझ्या मनाचा खेळ, पण पिशवी मात्र काढायची! महाराष्ट्रात तरी हे वाक्य कुणी सहज उच्चारू नये. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये सगळ्यांसमोर आलं आहे. पिशवी काढल्यानं घाम थांबत नाही. सोबत अंडाशय काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो.

आता जे कळलंय ते सांगते. पंचेचाळिशीनंतर पाळी जाण्याआधीची ही अवस्था लक्षणांवरून आणि पाळीच्या बदलांवरून ओळखतात. या काळात एफएसएच वर-खाली होत राहतं, म्हणून एका नॉर्मल आकड्यावरून "नाही" म्हणता येत नाही. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे आणि त्रास त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होऊ शकतो. मग पंचेचाळिशीत "अजून वेळ आहे" कसं?

पाळीच्या तारखा मोबाइलमध्ये टिपा. रक्त किती गेलं, घाम कधी आला, झोप कधी मोडली, हे एका कागदावर आणा आणि तो डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगितलेलं ते अर्ध्यावर तोडतात. मग सरळ विचारा: "हे पाळी जाण्याआधीचं असू शकतं का? नसेल तर कशावरून?" उत्तर पेपरवर लिहून मागा. पेन थांबतं आणि विचार सुरू होतो, हे मी तिसऱ्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी आधी तारखा वाचल्या, मग प्रश्न विचारले, माझ्याकडे बघून. नवऱ्याला बरोबर न्या, पण बोलायचं तुम्ही, हे घरातूनच ठरवून निघा.

या त्रासावर हॉर्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की "कॅन्सर होतो" म्हणून बोळवण होते. ही भीती पसरली ती 2002 साली थांबवलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना या गोळ्या सहसा देत नाहीत, आणि पिशवी असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. पण तुम्हाला चालतील की नाही हे तुमचा इतिहास विचारून ठरवायला हवं, हात झटकून नव्हे.

छातीत दुखलं तर "वयाचं असेल" म्हणून बसू नका. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवा. आणि पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात, हे विसरू नका. बाकी चालणं, योग, दूध, वेळेवर झोप हे सगळेच सांगतात. करा, पण ते तपासणीच्या बदल्यात नको.

डॉक्टर मंडळींना विनंती आहे. चाळिशीपुढची बाई समोर बसली की शेवटची पाळी कधी आली होती हे तिलाच विचारा, आणि गोळी कशाची आहे तेही तिलाच सांगा.