आलेखातील मापांची मांडणी



व्यापाराचा हिशेब शतकानुशतके तक्त्यांत लिहिला जात होता. तो रेषांनी आणि स्तंभांनी दाखविण्याची पद्धती रुजविण्याचे श्रेय १७५९ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या विल्यम प्लेफेअर याच्याकडे जाते. तरुणपणी तो जेम्स वॉट यांच्या कारखान्यात आरेखक होता. १७८६ साली त्याने ‘कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात इंग्लंडची अनेक वर्षांची आयात-निर्यात रेषांनी दाखविलेली आहे. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे त्याच्या हाती होते; म्हणून तेथे त्याने प्रत्येक प्रदेशासाठी आयातीचा एक व निर्यातीचा एक असे स्तंभ काढले. आकड्यांचे स्वरूप पाहून आलेखाचे रूप निवडावे, हा पहिला धडा येथेच मिळतो.

दुसरा धडा प्रमाणाचा आहे. समजा, एका दुकानाची विक्री गेल्या वर्षी ९६,००० रुपये होती आणि यंदा ती १,००,००० रुपये झाली. वाढ सुमारे चार टक्क्यांची आहे. उभा अक्ष शून्यापासून घेतला, तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतील. तोच अक्ष ९५,००० पासून घेतला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या पाचपट उंच दिसेल. आकडा एकही खोटा नसताना वाचकाची फसवणूक होते. स्तंभालेखात उंची हेच माप असल्याने तेथे अक्ष शून्यापासूनच घ्यावा.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. १८२१ साली प्लेफेअरने १५६५ पासूनच्या गव्हाच्या भावाचा आलेख काढला. भाव स्तंभांनी दाखविला आणि कुशल कारागिराची आठवड्याची मजुरी खालून जाणाऱ्या रेषेने. दोन्ही मापांना शिलिंगाचा एकच अक्ष होता. मजुरीच्या तुलनेत गहू पूर्वी कधीही इतका स्वस्त नव्हता, असे त्याचे प्रतिपादन होते. परंतु पाहणाऱ्याच्या नजरेत भावाचे उंच स्तंभच भरतात आणि मजुरीची रेषा तळाशी राहते. याचे कारण उघड आहे. जे गुणोत्तर सांगावयाचे होते, ते त्याने काढलेच नव्हते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका काळी ठरावीक मापाच्या गव्हाला ४० शिलिंग पडत आणि आठवड्याची मजुरी १० शिलिंग होती. पुढे भाव ६० व मजुरी ३० शिलिंग झाली. भाव वाढला खरा. पण तेवढ्याच गव्हासाठी पूर्वी चार आठवडे राबावे लागत असे, आता दोनच. ‘किती आठवड्यांच्या श्रमात गहू मिळतो’ हे माप घेऊन आलेख काढला असता, तर श्रमिकाच्या घरातील भाकरीची खरी स्थिती एका दृष्टिक्षेपात कळली असती.

आज हे काम एक्सेलसारख्या प्रणालीत काही क्षणांत होते. एक माप स्तंभाने तर दुसरे रेषेने दाखविता येते. विक्री रुपयांत आणि नफा टक्क्यांत असेल, तर नफ्यासाठी उजवीकडे दुसरा अक्ष घेता येतो. आकडे लाखांत वा टक्क्यांत लिहिता येतात. मात्र आकडे एकमेकांच्या जवळ असले, की संगणक अनेकदा शून्य सोडून वरूनच अक्ष सुरू करतो. दोन अक्ष असतील, तर त्यांची प्रमाणे बदलून नफ्याची रेषा विक्रीच्या वर किंवा खाली हवी तशी नेता येते. म्हणून प्रत्येक अक्षावर माप आणि एकक स्पष्ट लिहावे.

उद्या तुमच्यापैकी कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, कोणी स्वतःच्या व्यवसायात असेल. वेतनवाढीचा, कर्जाचा वा नफ्याचा आलेख समोर आला, की प्रथम तीन गोष्टी तपासा : अक्ष कोठून सुरू होतो, एकक कोणते आहे आणि जे सिद्ध करावयाचे आहे तेच माप दाखविले आहे काय? कितीही मोठ्या अधिकाऱ्याने आलेख मांडला, तरी हे तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नका. आणि स्वतः आलेख काढाल, तेव्हा त्यांची उत्तरे वाचकाला न विचारताच मिळतील अशी मांडणी करा.