कीटकांचा गृहप्रवेश आणि आपली दक्षता

परतीचा पाऊस ओसरला आणि नवरात्र संपले, की आपल्या हुबळी-धारवाडच्या घरांत काही अनाहूत पाहुणे दिसू लागतात. सायंकाळी दिव्याभोवती हिरवे तुडतुडे जमतात, मोरीपाशी झुरळे फिरतात आणि धान्याच्या पोत्यातून टोके बाहेर पडतात. "हे कोठून आले?" असे आपण त्रासून विचारतो. परंतु "हे कशासाठी आले?" हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. त्याचे उत्तर मिळाले, की निम्मा उपाय हाती आलाच म्हणून समजावे.

कीटकांना आपल्याप्रमाणे शरीराची ऊब कायम राखता येत नाही. म्हणून प्रतिकूल ऋतू आला, की त्यांपैकी कित्येक आडोसा शोधून निश्चल पडून राहतात. या स्थितीस सुप्तावस्था म्हणतात. पूर्व आशियातील एक पिंगट, दुर्गंध सोडणारा कीटक १९९८ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आढळला. तो आता तेथे दूरवर पसरला असून हिवाळ्यापूर्वी फटींतून घरांत शिरतो. आपल्या केरळात याच्या उलट ऋतूत हाच प्रकार घडतो. रबराच्या मळ्यांतील मुपली भुंगेरे वळिवाच्या सरी पडताच हजारोंच्या संख्येने घरांच्या छपरांत आश्रय घेतात. ऋतू निराळा, गरज मात्र एकच : निवारा!

आपला हिवाळा सौम्य. त्यामुळे आपल्याकडे येणारे बहुतेक कीटक निवाऱ्याबरोबरच प्रकाश, पाणी आणि अन्न यांच्या ओढीने येतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम प्रकाश. कलघटगी, अळणावर या बाजूंस भाताची शेते आहेत. भाताच्या रोपांचा रस शोषणारे तुडतुडे दिवाळीच्या सुमारास दिव्यांकडे झेपावतात. ते पिकाचे शत्रू असले, तरी घरात रोग पसरवीत नाहीत. निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळसर दिव्याकडे कीटक कमी आकृष्ट होतात. म्हणून दाराशी पिवळा दिवा लावावा आणि दिवेलागणीच्या वेळी जाळीची खिडकी बंद ठेवावी.

दुसरे पाणी. पाऊस थांबला तरी पिंप, कुंड्या व टाकून दिलेले टायर यांत पाणी साचून राहते. डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास उबदार दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. डेंग्यू टाळण्याचा हा बिनखर्चाचा मार्ग आहे. झुरळांनाही ओलावा प्रिय. मोरीवर जाळी बसवावी, भिंतींच्या भेगा बुजवाव्यात आणि रात्री खरकटे ठेवू नये.

तिसरे अन्न. टोका दारातून क्वचितच येतो. तो बहुधा पोत्यातूनच येतो! त्याची मादी दाण्यास बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते व ते छिद्र बुजवून टाकते. अळी आतला गर खाऊन वाढते. आपल्याला बाहेरून दाणा धड दिसतो, पण तो आतून पोकळ झालेला असतो. उपाय असा : धान्य कडक उन्हात वाळवावे, जुनी पोती झटकून तापवावीत आणि नवे धान्य जुन्यात मिसळू नये. डाळींना थोडे एरंडेल चोळणे ही आपल्या आजीची रीत आजही उपयोगी आहे.

आपल्या भागात पूर्वी जोंधळा जमिनीखालील पेवात साठवीत. कन्नडमध्ये त्यास हगेव म्हणतात. पेव बंद केल्यावर आतला प्राणवायू हळूहळू कमी होई आणि किडे गुदमरून मरत. हवाबंद डब्याचे तत्त्व हेच होय.

येथे एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. धान्यात ठेवावयाच्या विषारी धुरीच्या गोळ्या काही लोक राहत्या घरात वापरतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून हवेतील ओलाव्यामुळे फॉस्फिन नावाचा वायू निघतो. तो माणसाच्याही प्राणावर बेततो. शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसांनाही त्याची बाधा होऊ शकते. टोके मारण्यासाठी मुलाबाळांचा जीव धोक्यात घालणे हा कोठला शहाणपणा? या गोळ्या घरात आणू नयेत, आणि कोणी आणल्यास विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना हे अवश्य समजावून सांगावे.

तात्पर्य, किडा आल्यावर विष शोधण्यापेक्षा तो येण्याचे कारण आधीच दूर करावे. येत्या सुटीत प्रत्येकाने घरातील फटी, साचलेले पाणी आणि उघडी धान्ये यांची यादी करावी व एकेक दोष नाहीसा करावा. निसर्गाचा अभ्यास पुस्तकात सुरू होतो. तो कामी येतो आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात.